रिकामा कप्पा

जुन्या वस्तूंच्या संग्राहकांमध्ये शस्त्रांना मोठा मान आहे. तलवारी, कट्यारी, पदके, पलटणींचे बिल्ले हे सारे आपल्या परिचयाचे असते, आणि ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील कित्येक जुन्या घरांच्या भिंतींवर ते आजही दिसते. त्याच रणभूमीवरून आलेल्या दुसऱ्या एका जातीच्या वस्तूंकडे मात्र आपले लक्ष सहसा जात नाही. सैन्याबरोबर जाणाऱ्या वैद्याची पेटी, जखमींना वाहून नेण्याची डोली, मोडलेले हाड बांधण्याच्या फळ्या, मेणकापडात गुंडाळलेली निर्जंतुक पट्टी, भुलीच्या औषधाची कुपी या वस्तू बहुधा माळ्यावरच्या ट्रंकेत पडून राहतात आणि एके दिवशी भंगारवाल्याच्या हाती जातात. युरोप-अमेरिकेत अशा वस्तू आस्थेने जमविणारे पुष्कळ आहेत. आपल्याकडेही असे लोक अधूनमधून भेटतात. त्यांच्या छंदातून एक नैतिक प्रश्न उभा राहतो. वरवर पाहता तो लहान आहे, परंतु वस्तू जतन करणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी गाठतोच. म्हणून या अंकात त्याचा विचार करावा असे आम्हांस वाटले.

या संग्राहकांचे एक ठराविक स्वप्न असते, ते म्हणजे पूर्ण संचाचे. सैन्याची वैद्यकीय पेटी ही मुळातच यादीबरहुकूम भरलेली वस्तू होय. कोणत्या कप्प्यात कोणता चिमटा, किती पट्ट्या, किती सुया, कोणती औषधे, हे सैन्यखात्याने आधी ठरवून दिलेले असते. संग्राहकाच्या हाती पेटी येते ती अर्थात अर्धीमुर्धी. मग ती यादी मिळवून तो एकेक वस्तू शोधू लागतो. जुन्या बाजारातून करवत मिळते, लिलावातून कात्री मिळते, कोणा मित्राकडून रिकामी बाटली मिळते. वर्षानुवर्षे हा शोध चालतो, आणि शेवटचा कप्पा भरला की त्याला कृतार्थ वाटते. आमचा प्रश्न असा की, हा शेवटचा कप्पा भरणे योग्य आहे काय? पेटी पूर्ण करणारा तिला न्याय देतो, की तिच्यातले काही पुसून टाकतो?

प्रथम पूर्ण करणाऱ्याची बाजू पाहू, कारण ती दुबळी नाही. अर्धी पेटी पाहणाऱ्याला फारसे काही सांगू शकत नाही. तीत एक करवत आणि दोन गंजके चिमटे असतील तर पाहणारा एवढेच समजतो की पूर्वीचे वैद्य क्रूर असावेत. भुलीच्या औषधाची बाटली, धमनी बांधण्याचा रेशमी धागा, रक्त थांबविण्याचा पट्टा हे सारे जागेवर असेल तेव्हाच त्या करवतीमागची करुणा दिसते. आपल्या परंपरेतही साधनांच्या पूर्णतेला मोल आहे. सुश्रुताने १०१ यंत्रे आणि २० शस्त्रे मोजून सांगितली, आणि त्या साऱ्या यंत्रांत हात हेच प्रधान यंत्र होय असेही बजावले. त्याच्या सूत्रस्थानाच्या ३४व्या अध्यायात सैन्याबरोबर जाणाऱ्या वैद्याची कर्तव्ये आहेत. छावणीत वैद्याने राजाच्या तंबूजवळ, सर्व साधनांनी सज्ज होऊन राहावे, म्हणजे विषाने किंवा शल्याने पीडित झालेले लोक ध्वजाकडे यावे तसे न चुकता त्याच्याकडे येतील, असा त्याचा भाव आहे. पेटी पूर्ण असणे ही वैद्याची जबाबदारीच होती.

शिवाय असाही युक्तिवाद करता येतो की, वैद्याच्या पेटीला ‘मूळ’ असे रूप नसतेच. नागसेनाने मिलिंद राजाला रथाचा दाखला देऊन विचारले होते की, चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय? पेटीचेही तसेच आहे. ती आज भरायची, उद्या वापरायची, परवा पुन्हा भरायची. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकी यादवी युद्धातल्या शल्यवैद्यांच्या पेट्या घ्या. लाकडी पेटीत मखमलीचे अस्तर आणि प्रत्येक हत्याराच्या आकाराची खोबण असे त्यांचे रूप असे. करवत मोडली की वैद्य दुसऱ्या कारखान्याची करवत आणून त्या खोबणीत बसवी. तेव्हा त्या वैद्याने जे केले तेच दीडशे वर्षांनी संग्राहकाने केले तर बिघडले कोठे?

येथेच थांबून भेद पाहिला पाहिजे. वैद्याने नवी करवत आणली ती पुढच्या जखमीसाठी. संग्राहक आणतो ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी. बाह्य कृती एकच, पण वैद्याची भरपाई ही पेटीच्या जीवनाचा भाग होती आणि संग्राहकाची भरपाई त्या जीवनाच्या समाप्तीनंतरची आहे. सुश्रुताने सांगितलेली पूर्णता ही युद्धापूर्वीची पूर्णता आहे. युद्ध संपल्यावर त्याच पेटीतला रिकामा कप्पा हे पुष्कळदा ते कर्तव्य पार पडल्याचे चिन्ह असते. पट्टी नाही, कारण ती कोणाच्या तरी मांडीला बांधली गेली. औषध नाही, कारण त्या रात्री कोणी तरी शांत झोपला.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या परिचारकांजवळ मॉर्फिनच्या लहान नळ्या असत. टूथपेस्टच्या नळीसारखी मऊ धातूची नळी आणि तिच्या टोकाला सुई. नळीत अर्धा ग्रेन, म्हणजे सुमारे ३२ मिलिग्रॅम औषध असे. ते टोचल्यावर रिकामी नळी फेकून न देता जखमी सैनिकाच्या कॉलरला टाचून ठेवण्याची रीत होती. मागून येणाऱ्या वैद्याला ती पाहून कळे की याला मात्रा दिलेली आहे. आणखी दिली तर प्राण जाईल. भरलेल्या नळीपाशी केवळ औषध होते, रिकाम्या नळीपाशी माहिती होती, आणि त्या माहितीने जीव वाचत. आज एखाद्या संग्राहकाने अशी चपटी नळी बाजूला सारून तिच्या जागी न वापरलेली नळी बसविली, तर यादी पूर्ण होईल, पण ती माहिती नाहीशी होईल. तरीही बाजारात सर्वाधिक किंमत येते ती अशा न वापरलेल्या, ‘कोऱ्या’ वस्तूलाच. जिने कोणाचेच दुःख हलके केले नाही ती अधिक मोलाची, हा हिशेब आम्हांस विचित्र वाटतो.

अखंड राहिलेली पेटी पाहून महाभारतातला एक प्रसंग आठवतो. शरशय्येवर पडलेल्या भीष्मांकडे दुर्योधनाने शल्य काढण्यात निष्णात असे वैद्य सर्व उपकरणांसह आणले. भीष्मांनी त्यांचा सत्कार करून, त्यांना धन देऊन परत पाठवायला सांगितले. त्या वैद्यांची साधने जशी आली तशीच, एकही न वापरता, परत गेली. आज तो संच आपल्या हाती आला असता तर तो सर्वांगपूर्ण दिसला असता. परंतु त्या पूर्णतेमागे एक नकार आहे हे ठाऊक नसते तर आपण तिचा अर्थ चुकीचाच लावला असता.

याहून कठोर उदाहरण पहिल्या महायुद्धातल्या मेसोपोटेमियाचे आहे, आणि ते बेळगावच्या वाचकांना तरी परके नाही. १९१५ मध्ये टायग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे निघालेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मधील टेसिफॉनच्या लढाईनंतर हजारो जखमींना स्प्रिंग नसलेल्या माल वाहण्याच्या गाड्यांतून नदीपर्यंत आणावे लागले आणि तेथून दाटीवाटीने भरलेल्या बोटींतून बसऱ्याला पाठवावे लागले. वैद्यकीय साधने, वाहने, माणसे, सारेच अपुरे होते. कुतच्या वेढ्यातील सैन्याने २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करली. १९१७ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्यात या वैद्यकीय दुरवस्थेवर कडक ताशेरे आले. आता समजा, त्या मोहिमेतली एखादी वैद्यकीय पेटी कोणा सैनिकाच्या वंशजाकडून संग्राहकाला मिळाली, आणि त्याने सैन्यखात्याची छापील यादी समोर ठेवून ती काठोकाठ भरली. त्या पेटीजवळ उभे राहणारे मूल काय समजेल? सरकारने आपल्या शिपायांची उत्तम काळजी घेतली होती असेच ना? ज्या पेटीत तेव्हाच पुरेसे सामान नव्हते ती आज भरून दाखविणे म्हणजे ज्यांनी ती अपुरी पाठविली त्यांच्या बाजूने, नकळत का होईना, साक्ष देणे होय. छापील यादी ही काय असावयास हवे होते ते सांगते. काय होते ते फक्त पेटी सांगू शकते.

यावरून कोणी म्हणेल की मग कशालाच हात लावू नये. आमचे मत तसे नाही. रिकामे कप्पे सारे एका जातीचे नसतात. एक कप्पा वापरामुळे रिकामा होतो, दुसरा मुळातच भरला गेला नव्हता म्हणून रिकामा असतो, आणि तिसरा नंतरच्या काळात कोणी तरी वस्तू काढून विकली किंवा हरविली म्हणून रिकामा पडतो. पहिले दोन इतिहासाचे आहेत. ते तसेच राहू द्यावेत. तिसरा आपल्या निष्काळजीपणाचा आहे, आणि तो भरून काढण्यात दोष नाही. कोणता कप्पा कोणत्या जातीचा हे नेहमीच ओळखता येत नाही, हे खरे. पण काही खुणा असतात. लिस्टरने १८६७ मध्ये जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत मांडली, आणि पुढे हत्यारे उकळून घेण्याची रीत रुळली तशा लाकडी व हस्तिदंती मुठी मागे पडून संपूर्ण धातूची हत्यारे आली. लाकडी मुठीच्या संचात एखादे धातूचे हत्यार दिसले तर ते नंतर आले हे कळते. ते वैद्याने आणले की विक्रेत्याने, हे झिजेवरून, धारेवरून, खोबणीतल्या मखमलीच्या दबलेल्या भागावरून पुष्कळदा ताडता येते. जेथे ताडता येत नाही तेथे घाई न करणे हेच शहाणपण.

भरावयाचे ठरले तरी कसे भरावे, याबद्दल आपल्या डोळ्यांसमोर एक उत्तम आदर्श आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले आणि १९६६ मध्ये ते पूर्ण झाले. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी जेथे पाठ निश्चित नव्हता तेथे त्याखाली नागमोडी रेघ दिली, आणि जे श्लोक मागाहून भर पडल्यासारखे दिसले ते फेकून न देता तळटीपांत व परिशिष्टांत ठेवले. वाचकाला संहिता मिळाली, आणि तिच्यातली खात्री कोठे संपते हेही कळले. वस्तूंच्या बाबतीतही अशी नागमोडी रेघ देता येते. नवी घातलेली वस्तू सहज काढता यावी, तिच्यावर न दिसेल अशा जागी तारीख आणि ‘नंतर घातली’ अशी नोंद असावी, आणि पेटीच्या झाकणाआड एक चिठ्ठी असावी की अमुक वस्तू पेटीबरोबर आल्या, अमुक मागाहून आणल्या. ही चिठ्ठी लिहायला दहा मिनिटे लागतात. ती न लिहिल्याने पुढची पिढी कायमची फसते.

पूर्णतेच्या हव्यासाला आणखी एक बाजू आहे. एक संच पूर्ण करावयाचा तर हवी ती वस्तू कोठून तरी यावी लागते, आणि पुष्कळदा ती दुसऱ्या संचातून येते. सुट्या वस्तूंना गिऱ्हाईक आहे असे दिसले की विक्रेता जुळलेली पेटी फोडतो. म्हणजे आपल्या एका पेटीच्या पूर्णतेसाठी दूर कोठे तरी दुसरी पेटी अपुरी होते, आणि तिच्यावर कोरलेले वैद्याचे नाव, तिच्याबरोबर आलेली पत्रे, तिची हकिगत सारे उधळले जाते. आपण ते पाहत नाही म्हणून आपला त्यात हात नाही असे म्हणता येत नाही. संग्राहकाने वस्तू घेताना ती कोठून आली हे विचारावे, आणि उत्तर नसेल तर हात आखडता घ्यावा.

काही कप्पे तर कायद्यानेच रिकामे राहिले पाहिजेत. मॉर्फिन जुने झाले तरी मॉर्फिनच राहते, आणि १९८५च्या अंमली पदार्थविषयक कायद्याखाली ते परवान्यावाचून बाळगणे गुन्हा आहे. भाजलेल्या जखमांसाठी पूर्वी पिक्रिक आम्ल लावलेल्या पट्ट्या वापरीत. ते आम्ल वाळून खडे झाले की स्फोटक बनते, म्हणून असा डबा सापडल्यास उघडू नये, हलवू नये, पोलिसांस कळवावे. लाल क्रॉसचे चिन्हही आपल्याकडे १९६०च्या जिनिव्हा करार कायद्याने संरक्षित आहे. केंद्र सरकारच्या मान्यतेवाचून ते कोणत्याही कारणासाठी वापरता येत नाही. पुसट झालेले चिन्ह पुन्हा लालभडक रंगविण्याचा मोह संग्राहकाने आवरावा. १८६४ पासून या चिन्हाचा अर्थ एकच आहे: येथे गोळी झाडू नका. तो अर्थ शोभेसाठी खर्च करू नये.

कोणत्या क्षणाची पूर्णता, असाही प्रश्न उरतो. ग्वाल्हेरकरांना ‘लॉयल्टी’ जहाजाची कथा ठाऊक असेल. १८९१ पासून पॅसिफिक महासागरात प्रवासी नेणारी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ही बोट १९१४च्या अखेरीस शिंदे महाराजांनी विकत घेतली, आणि ती जखमी हिंदी सैनिकांसाठी रुग्णालय-जहाज झाली; नाव पडले ‘लॉयल्टी’. युद्धानंतर वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सिंदिया कंपनीने ती घेतली, आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून लंडनला निघाली. तोच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. १९२३ मध्ये ती मुंबईत मोडीत निघाली. ती आज असती आणि कोणी तिला ‘मूळ रूप’ देऊ म्हणाला असता, तर खाटांची रांग लावली असती की प्रवाशांच्या खोल्या? एक रूप पूर्ण करताना बाकीची दोन पुसली गेली असती.

या साधनांवर शेवटी हक्क कोणाचा, हे त्यांचा वापर करणाऱ्यांनीच आपल्याला दाखवून दिले आहे. कोरियात गेलेल्या भारतीय ६०व्या पॅराशूट फील्ड अँब्युलन्सला डिसेंबर १९५० मध्ये प्योंगयांग सोडावे लागले तेव्हा सामान नेण्यास वाहने नव्हती. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या त्या तुकडीने सामान टाकून जाण्यास नकार दिला, एक जुनाट वाफेचे इंजिन आणि काही डबे शोधले, आणि स्वतःच ती गाडी चालवून सारे सामान दक्षिणेस आणले. साधनांवाचून आपण जखमींच्या काहीच कामाचे नाही, हे त्यांना ठाऊक होते. चीनमध्ये नॉर्मन बेथ्यून यांनी खेचराच्या पाठीवर शस्त्रक्रियेचे साहित्य मावेल अशी लाकडी चौकट तयार केली होती. १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते गेले, तेव्हा अखेरच्या पत्रात त्यांनी आपली हत्यारे सहकारी डॉक्टरांना वाटून दिली. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा पुढे सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांनी वाहिली, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२व्या वर्षी तेही त्याच कामात गेले. बेथ्यून यांचा संच त्या दिवशी विखुरला आणि तरीही कामास लागला. १९४९च्या पहिल्या जिनिव्हा कराराचे ३३वे कलमही हेच सांगते: शत्रूच्या हाती पडलेले फिरत्या वैद्यकीय पथकांचे साहित्य जखमी व रुग्ण यांच्या सेवेसाठीच राखले जावे, आणि ते जाणूनबुजून नष्ट करू नये. जे जिंकणाऱ्याच्याही मालकीचे पूर्णतः होत नाही ते विकत घेणाऱ्याचे कसे होईल? संग्राहक हा विश्वस्त होय, आणि विश्वस्ताने ठेव जशी आली तशी पुढे सोपविली पाहिजे.

आपल्या कुटुंबांतून कोणी लष्करात डॉक्टर होते, कोणी कंपाउंडर, कोणी डोली वाहणारे. महूच्या किंवा बेळगावच्या छावणीतून घरी आलेली एखादी पेटी, एखादा पितळी डबा, एखादी न उघडलेली पट्टी आपल्यापैकी कोणाच्या तरी घरी असेलच. तीत काय नाही याची चिंता आधी करू नये. ती कोणाची होती, कोठून आली, घरात तिच्याविषयी काय सांगितले जाई, हे वडीलधारी मंडळी आहेत तोवर विचारून घ्यावे, आणि तारीख घालून, सही करून, कागदावर उतरवून तो कागद रिकाम्या कप्प्यात ठेवावा.